पहिले काम कोणते?
महापालिकेच्या उमेदवाराचा प्राधान्यक्रम आणि मतदाराची कसोटी

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. कोल्हापूर, सांगली-मिरज-कुपवाड, सोलापूर, पुणे, मुंबई अशा अनेक शहरांत कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती असलेला कारभार पुन्हा लोकप्रतिनिधींकडे जाणार होता. मुंबई व पुणे येथील सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. कोल्हापूरची तर त्याहीपूर्वी, नोव्हेंबर २०२० मध्ये. इचलकरंजी या वस्त्रनगरीला २०२२ मध्ये महापालिकेचा दर्जा मिळाला. महापालिका म्हणून तिची ही पहिलीच निवडणूक. एवढ्या दीर्घ खंडानंतर उमेदवार दारी आले आणि त्यांच्या हातात नेहमीप्रमाणे रंगीत पत्रके होती. पाणी, रस्ते, गटारे, उद्याने, वाचनालये, व्यायामशाळा, समाजमंदिरे, स्वागतकमानी, कॅमेरे आणि करसवलत असे सारे काही त्या पत्रकांत एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असते.

अशा यादीला आश्वासनांची यादी म्हणता येईल. प्राधान्यक्रम म्हणता येणार नाही. ज्या यादीत वीस कामे पहिली असतात, त्या यादीत पहिले असे काहीच नसते. ‘हे आधी करीन’ म्हणणाऱ्या उमेदवाराला त्याच श्वासात ‘ते नंतर करीन’ असेही म्हणावे लागते आणि दुसरे वाक्य उच्चारण्याचे धैर्य फार थोड्यांपाशी असते. मतदाराने नेमके तेच वाक्य उमेदवाराकडून काढून घेतले पाहिजे.

कायद्याने घालून दिलेला क्रम

नगरसेवकाने कोणती कामे आधी करावीत याचे पुष्कळसे उत्तर कायद्यातच आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे अठरा विषय नमूद झाले. त्याच्याही आधीपासून, मुंबई सोडून राज्यातील महापालिकांना लागू असणाऱ्या १९४९ च्या अधिनियमाने पालिकेच्या कामांची दोन गटांत विभागणी केली आहे. कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत: रस्त्यांची स्वच्छता, मैला व कचरा यांची विल्हेवाट, गटारे, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, अग्निशमन, प्राथमिक शाळा, लसीकरण, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद. उद्याने, क्रीडांगणे, ग्रंथालये, संग्रहालये यांसारखी कामे कलम ६६ मध्ये, पालिकेच्या स्वेच्छेच्या गटात येतात.

या विभागणीचा अर्थ उद्याने व ग्रंथालये अनावश्यक आहेत असा नव्हे. शहराला शहरपण त्यांनीच येते. परंतु तिजोरीत पैसा अपुरा असेल तेव्हा गटार आधी की कारंजे, हा वाद कायद्याने केव्हाच निकाली काढलेला आहे. म्हणून उमेदवाराचे पत्रक हाती येताच वाचकाने एक सोपे काम करावे. पत्रकातील प्रत्येक आश्वासनापुढे ‘कर्तव्य’ किंवा ‘स्वेच्छा’ असे पेन्सिलीने लिहावे. जे काम पालिकेच्या कक्षेतच नाही, त्यापुढे फुली मारावी. पोलिसांचा बंदोबस्त गृहखात्याचा, विजेचे वितरण बहुतेक शहरांत महावितरणचे, रेल्वेचे फाटक रेल्वेचे. या गोष्टींसाठी नगरसेवक पाठपुरावा अवश्य करू शकतो. त्या करून देण्याचे वचन मात्र तो देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही. महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार शासननियुक्त आयुक्तांकडे असतात. नगरसेवक स्वतः रस्ता बांधत नाही आणि सफाई कामगारांची हजेरीही घेत नाही. धोरण ठरविणे, अर्थसंकल्प मंजूर करणे, प्रश्न विचारणे आणि खर्चावर लक्ष ठेवणे ही त्याची खरी कामे. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत अर्थसंकल्पाची व मोठ्या ठेक्यांची छाननी होते. त्यामुळे रात्री-अपरात्री फोन उचलणारा नगरसेवक लोकप्रिय होतो हे खरे, पण अर्थसंकल्पाची पाने वाचणारा नगरसेवक शहराला अधिक उपयोगी पडतो.

पुण्याच्या नगरपालिकेतील एक विरोधी मत

प्राधान्यक्रम म्हणजे काय, हे महाराष्ट्राला फार पूर्वी जोतीराव फुले यांनी दाखवून दिले. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते, नियुक्त सदस्य होते. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारला दुखवू नये अशीच त्या काळची अपेक्षा. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर सजविण्यावर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. १८८० मध्ये शहरात दारूच्या दुकानांची संख्या वाढू लागली, तेव्हाही त्यांनी नगरपालिकेच्या पदाधिकाऱ्यांना पत्र लिहून हरकत घेतली. दुकानांपासून मिळणारा महसूल त्यांना दिसत नव्हता असे नाही. त्या महसुलाची किंमत कोणत्या घरांतील चुली मोजतात, तेही त्यांना दिसत होते.

पुढे पुण्यात भव्य मंडई बांधण्याचा विषय निघाला. एवढी मोठी रक्कम इमारतीवर घालण्याऐवजी ती शिक्षणाकडे वळवावी, असा जोतीरावांचा आग्रह होता. मंडई झालीच, १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती सुरू झाली. आज तीच वास्तू महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. ज्या खर्चाला त्यांनी विरोध केला, त्याच वास्तूला शहराने पुढे त्यांचे नाव दिले. मंडई शहराला उपयोगी पडली यात शंका नाही. जोतीरावांचे मत बरोबर होते की चूक, यावर आजही वाद घालता येईल. परंतु ‘मंडई नको’ एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. त्या पैशातून आधी काय व्हावे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. उमेदवाराकडून अपेक्षा आहे ती याच स्पष्टतेची.

अहमदाबादची गटारे आणि वल्लभभाई

चार दशकांनंतर शेजारच्या गुजरातेत दुसरे उदाहरण घडले. सरदार म्हणून देशाला माहीत असलेल्या वल्लभभाई पटेलांची सार्वजनिक कारकीर्द सुरू झाली ती अहमदाबाद नगरपालिकेतून. १९१७ मध्ये दर्यापूर भागातून ते निवडून आले. त्या वेळी ते नामांकित बॅरिस्टर होते. त्यांच्याकडे आरोग्य व स्वच्छता समितीचे काम आले. सभागृहातील कामांपैकी हे सर्वांत कमी मानाचे आणि सर्वांत जास्त दुर्गंधीचे काम.

त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला. शाळा आणि न्यायालये बंद पडली, ऐपत असलेली कुटुंबे शहर सोडून गेली. वल्लभभाई मात्र शहरातच राहिले. सफाई कर्मचाऱ्यांबरोबर गल्ल्यांतून हिंडून गटारे साफ करून घेणे, हेच त्यांचे त्या दिवसांतील काम होते. १९२४ ते १९२८ या काळात ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि त्या वर्षांतही पाणीपुरवठा व मैलावाहिन्यांचा विस्तार हेच त्यांच्या कारभाराचे मुख्य सूत्र राहिले. जमिनीखालच्या नळांवर नावाची कोनशिला बसविता येत नाही. तरीही शहराचे आरोग्य त्या नळांवरच अवलंबून असते आणि हे ओळखणाऱ्या माणसाला पुढे देशानेही ओळखले.

जोतीराव आणि वल्लभभाई यांच्या विचारांत, स्वभावांत आणि काळांत पुष्कळ अंतर आहे. दोघांच्या नगरपालिकेतील कामाला जोडणारा धागा एकच. जे दिसते त्याआधी जे लागते ते करावे, असा दोघांचा क्रम होता.

इचलकरंजी : पाण्यापासून सुरुवात

हा क्रम आजच्या शहरात कसा लावायचा, हे पाहण्यासाठी इचलकरंजीसारखे दुसरे शहर नाही. १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि संस्थानकाळातील एका लहान गावाचे ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या पुढे होती. राज्याबाहेरूनही हजारो कामगार येथे पोटासाठी आले. पंचगंगेच्या काठी वसलेल्या या शहराला पाण्याचीच चिंता पडावी, हा मोठा दैवदुर्विलास.

पंचगंगेत कोल्हापूरपासून इचलकरंजीपर्यंत घरगुती सांडपाणी व कारखान्यांचे पाणी मिसळत आले आहे. २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे शहरात काविळीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी आजारपण आले, त्यांना पाणीपुरवठा हा निवडणुकीचा मुद्दा आहे की जगण्याचा, हे समजावून सांगण्याची गरज नाही. शहराला कृष्णा नदीतूनही पाणी येते. पण जलवाहिनीला गळती लागली की पुरवठा खंडित होतो आणि अनेक भागांत पाण्यासाठी काही दिवस थांबावे लागते. वारणेवरून पाणी आणण्याच्या योजनेला नदीकाठच्या गावांनी विरोध केला. त्यानंतर दूधगंगेवरील सुळकूड योजना मंजूर झाली, तर तिलाही कागल परिसरातील शेतकऱ्यांचा विरोध झाला. शहराची तहान खरी आहे, तशीच शेतकऱ्याची धास्तीही खरी आहे. या दोहोंमधला निर्णय राज्य शासनाच्या पातळीवरचा. ‘मला निवडून द्या, सुळकूडचे पाणी आणतो’ असे एकट्या नगरसेवकाने म्हणणे म्हणूनच प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मग नगरसेवकाच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. गळती किती ठिकाणी आहे, ती किती दिवसांत दुरुस्त होते, कोणत्या गल्लीत पाणी कधी सुटणार याचे वेळापत्रक प्रसिद्ध होते की नाही, ते पाळले जाते की नाही, कूपनलिकांच्या पाण्याची तपासणी होते की नाही, टँकर कोणाच्या सांगण्यावरून कोणत्या गल्लीत जातो, या सर्व गोष्टी नगरसेवकाच्या प्रश्नांनी बदलू शकतात.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. पाच माणसांच्या कुटुंबाला त्याप्रमाणे दिवसाला ६७५ लिटर पाणी लागेल. पाणी चौथ्या दिवशी येत असेल, तर त्या कुटुंबाने २,७०० लिटर पाणी साठवायला हवे. बंगल्यात जमिनीखाली टाकी असते, वर मोटार असते. तेथे हे सहज होते. मागावर काम करणाऱ्या कामगाराच्या भाड्याच्या खोलीत दोनशे लिटरची दोन पिंपे मावतात. म्हणजे एकाच नळावर, एकाच दिवशी, तितकाच वेळ पाणी सोडले तरी ते सर्वांना सारखे मिळत नाही. जो उमेदवार ‘रोज थोडे, पण सर्वांना’ या दिशेने विचार करतो, त्याला हा प्रश्न समजला आहे असे मानावे. आणि पाणी येईल तेव्हा घरी कोणी थांबायचे, हे बहुतेक घरांत आजही स्त्रियांनाच ठरवावे लागते. स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागांवरून येणाऱ्या भगिनींनी पाण्याच्या वेळापत्रकाचा विषय सभागृहात स्वतः मांडला, तर त्या आरक्षणाचे चीज होईल.

कचरा, पदपथ, शाळा

पाण्याच्या पाठोपाठ येतो कचरा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. परंतु घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होत असेल, तर तो वेगळा करण्याचा उत्साह किती दिवस टिकणार? उमेदवाराला विचारावे, की गाडीला वेगवेगळे कप्पे आहेत का, आणि ओला कचरा प्रभागातच जिरविण्याची जागा कोणती? पुण्यात कचरावेचक स्त्री-पुरुषांनी स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभारली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्यास सुरुवात केली. कचरा उचलणाऱ्या माणसाला ओळखपत्र, हातमोजे आणि मान मिळाला की काम टिकते, एवढा धडा कोणत्याही शहराने त्यातून घ्यावा. शहराचा कचरा शेजारच्या गावाच्या उंबरठ्यावर नेऊन टाकणे म्हणजे व्यवस्थापन नव्हे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याला हे अनेक आंदोलनांतून ऐकविले आहे.

तिसरा विषय पदपथांचा. संध्याकाळी मंदिरात निघालेली आजी, शाळेतून येणारी मुले, बाजारहाट करून परतणारी गृहिणी यांना रस्त्याच्या कडेने निर्धास्त चालता येते का, यावरून शहराची सभ्यता ओळखावी. येथे व्यापारी आणि फेरीवाले यांचा झगडा हमखास उभा राहतो. दुकानदार कर भरतो, भाडे भरतो. त्याच्या दारातच हातगाडी लागली की त्याचा संताप समजण्यासारखा आहे. फेरीवाल्यालाही त्याच दिवसाच्या विक्रीवर संध्याकाळची चूल पेटवायची असते. यासाठी २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर पथविक्रेता समिती नेमण्यास सांगितले आहे. समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. ‘फेरीवाले हटवू’ आणि ‘फेरीवाल्यांना हात लावू देणार नाही’ ही दोन्ही आश्वासने सोपी आहेत. विक्रीच्या जागा आखून देऊन पदपथ मोकळा ठेवणे हे अवघड काम, आणि उमेदवाराची परीक्षा त्यातच आहे.

चौथा विषय पालिकेच्या शाळांचा व दवाखान्यांचा. या मासिकाच्या अनेक वाचकांची मुले पालिकेच्या शाळेत जात नसतील. तरीही घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगा त्याच शाळेत जातो, दुकानातील नोकराची मुलगी त्याच दवाखान्यात लस घेते. ज्या सेवेचा लाभ बोलक्या वर्गाला नको असतो, ती सेवा हळूहळू खालावत जाते, कारण तिच्या तक्रारीला कोणी वाली उरत नाही. म्हणून जो मतदार स्वतः ती सेवा वापरत नाही, त्याने तिच्याविषयी प्रश्न विचारणे अधिक मोलाचे ठरते.

या चार कामांना पैसा आणि लक्ष मिळाले, की वाचनालय, अभ्यासिका, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, सावलीतील चार बाके यांची पाळी येते. हीही कामे क्षुल्लक नव्हेत. इचलकरंजीच्या आपटे वाचन मंदिरासारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडविले. माणसे एकमेकांना भेटतील अशी विनाशुल्क जागा प्रत्येक प्रभागात असणे ही शहराची गरज आहे. फक्त तिचा क्रम पाण्यानंतरचा आहे.

पैसा कोठून येणार?

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या वाचकाला जमाखर्च शिकवावा लागत नाही. घरात लग्न काढताना आधी शिल्लक पाहिली जाते. मग निवडणुकीच्या वेळी तोच हिशेब विसरावा का? एकेकाळी जकात हे पालिकांचे मोठे उत्पन्न होते. जकात नाक्यांवर लागणाऱ्या मालमोटारींच्या रांगा अनेकांना आठवत असतील. जकातीच्या जागी बहुतेक महापालिकांत स्थानिक संस्था कर आला, त्याविरुद्ध २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात सारे विलीन झाले. तेव्हापासून पालिकांचे शासनाच्या अनुदानावरचे अवलंबित्व वाढले. स्वतःच्या हक्काचे उत्पन्न म्हणून मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकामांवरील विकास शुल्क उरले.

‘मालमत्ता कर माफ करू’ असे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला नळ, गटार आणि शाळा कोणत्या पैशातून चालणार, हे विचारणे त्यामुळे प्राप्त ठरते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी मिळाली. पण मुंबईची तिजोरी आणि इचलकरंजीची किंवा मालेगावची तिजोरी यांची तुलना होऊ शकत नाही. थकबाकीवर दरमहा दोन टक्के दंड आकारण्याची तरतूद कायद्यात आहे. तरी अभय योजना येईल या आशेने कर थकविणारे असतातच आणि वेळेवर भरणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो. प्रामाणिक करदात्याला हे वाटू न देणे, हेही चांगल्या कारभाराचे लक्षण आहे. कर भरणे आणि कराचा हिशेब मागणे या एकाच कर्तव्याच्या दोन बाजू आहेत. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. असे आवाहन निघेल तेव्हा प्रत्येक गृहसंस्थेने एक तरी अर्ज भरावा.

‘आमच्या समाजासाठी काय करणार?’

उमेदवार समाजाच्या बैठकीला येतो तेव्हा हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तरही ठरलेले असते: सभागृह, कमान, चौकाला नाव, मंदिरापुढे पेव्हर ब्लॉक. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी तोच उमेदवार दुसऱ्या समाजाच्या बैठकीत तेच आश्वासन देतो. पाच वर्षांनी प्रभागात पाच सभागृहे उभी राहतात आणि पाचही सभागृहांच्या पुढून उघडे गटार वाहत असते.

जैन समाजाने आपल्या संस्था बहुतांशी स्वतःच्या दानातून उभारल्या आहेत. १८९९ मध्ये स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा, विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात उभे राहिलेले जैन बोर्डिंग, गावोगावच्या धर्मशाळा आणि पाणपोया हा त्या दातृत्वाचा पुरावा. सभागृह वर्गणीतून बांधता येते. बोर्डिंग देणगीतून चालविता येते. मैलावाहिनी मात्र कोणत्याही समाजाला वर्गणी काढून टाकता येत नाही. जलशुद्धीकरण केंद्र, कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचा दिवा या गोष्टी एका घरासाठी किंवा एका समाजासाठी आणताच येत नाहीत; त्या आल्या तर सर्वांसाठी येतात. म्हणून जे समाज स्वतः करू शकतो ते समाजाने करावे आणि जे पालिकेवाचून होऊच शकत नाही तेच पालिकेकडे मागावे. बैठकीत विचारायचा प्रश्न मग असा होतो: ‘आमच्या प्रभागासाठी काय करणार?’ त्या एका शब्दाच्या बदलाने उमेदवारालाही सुटका मिळते. प्रत्येक समाजाला वेगळी भेट देण्याच्या ओझ्यातून मोकळा झालेला नगरसेवक एकच काम धड करू शकतो.

दारात उभ्या उमेदवारास चार प्रश्न

मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून चार नगरसेवक निवडले जातात आणि मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचे असते. चौघांची जबाबदारी पुष्कळदा कोणाचीच नसते. म्हणून चौघांनाही तेच प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत.

एक : आपले पहिले काम कोणते, आणि त्यासाठी कोणते काम पुढे ढकलाल?

दोन : ते काम पालिकेच्या अधिकारातील आहे काय? नसेल तर कोणाकडे आणि कसा पाठपुरावा करणार?

तीन : पैसा कोणत्या शीर्षाखालून येणार?

चार : वर्षाच्या अखेरीस कामाचा हिशेब प्रभागातील नागरिकांपुढे कोठे आणि केव्हा ठेवणार?

यासोबत उमेदवाराने अर्जाबरोबर दिलेले शपथपत्र वाचावे. मालमत्ता, शिक्षण आणि दाखल गुन्हे यांची माहिती त्यात असते आणि ती पाहण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. जो उमेदवार चार प्रश्नांपैकी एखाद्याला ‘याची माहिती घेऊन सांगतो’ असे म्हणेल आणि खरोखर दोन दिवसांनी सांगायला येईल, त्याच्याविषयी मनात आदर ठेवावा. सर्वच प्रश्नांना तत्काळ ‘होईल, होईल’ म्हणणाऱ्याविषयी सावध राहावे.

१६ जानेवारीला मतमोजणी झाली, गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यापूर्वीच्या अडीच महिन्यांत पालिकेचा अर्थसंकल्प सभागृहापुढे आलेला असेल. उमेदवाराच्या पत्रकातील पहिले काम त्या अर्थसंकल्पात कोणत्या पानावर आहे आणि त्यापुढे किती रक्कम लिहिली आहे, एवढे पाहिले तरी पुढील पाच वर्षांचा अंदाज येईल. तोपर्यंत पत्रक रद्दीत टाकू नये. पेन्सिलीच्या खुणांसह ते घरातल्या कराच्या पावत्यांशेजारी जपून ठेवावे.